बॅलनाकरचा पळपुटा

"हे उलटं टांगलंय," मी म्हणाले.

त्या घरात मी उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. अंगावरचा ओला कोटही अजून उतरवला नव्हता. शेकोटीच्या वर, हरणांच्या दोन पेंढा भरलेल्या मुंडक्यांच्या मधोमध, सोनेरी चौकटीत मोडी लिपीतलं एक पत्र लावलं होतं आणि गेली एकशे सत्तर वर्षं ते डोक्यावर उभं होतं. घराचे मालक हेक्टर मॅकवॅरिश यांनी चष्मा पुसला, पत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"आमच्याकडे ते पहिल्यापासून असंच आहे," ते म्हणाले.

आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं. मी खुर्चीवर चढले आणि मान वाकडी करून वाचू लागले.

ही १९८९ सालची गोष्ट. मी एडिनबर्गला संशोधनासाठी गेले होते. अख्ख्या स्कॉटलंडात मोडी वाचणारे दोघंच होते, एक माझे प्राध्यापक आणि एक मी. प्राध्यापकांची कंबर धरलेली, म्हणून डोंगरातल्या या जमीनदाराचं पत्र आलं तेव्हा त्यांनी मला पाठवलं. आपल्या घराण्याचा इतिहास छापायला चाललाय, कप्तान लॉकलन मॅकवॅरिश या आपल्या पूर्वजाने हिंदुस्थानातून आणलेले कागद कोणीतरी येऊन वाचावेत, शनिवारच्या आत, असं त्या पत्रात होतं. पत्रात किल्ल्याचं नाव होतं. स्पेलिंगचा पार चुराडा झालेला, तरी ते मी ओळखलं. भोवरगड.

माझं आडनाव किल्लेदार. कुठले, तर भोवरगडचे. आमच्या घराण्याकडे १८१८ नंतर गड राहिला नाही, जमीन राहिली नाही. आडनाव तेवढं राहिलं आणि ते आम्ही फार जपलं. इकडे हेक्टरसाहेबांची तऱ्हा उलटी. तिथे जमीनदाराला त्याच्या जमिनीच्या नावानेच हाक मारतात. त्यांच्या जमिनीचं नाव बॅलनाकर, म्हणून सगळं खोरं त्यांना नुसतं 'बॅलनाकर' म्हणायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कोल्हापूरकडचंच कोणी असेल. उंच, लाल नाकाचा, कोपरावर ठिगळं लावलेला कोट घालणारा हा सत्तर वर्षांचा माणूस खरं तर आमच्या दिगूकाकांसारखाच होता. गळतं छप्पर, थंडगार खोल्या आणि बोलणं मात्र सगळं सातव्या पिढीचं.

चौकटीतलं पत्र आमच्याच विसाजीपंत किल्लेदारांचं होतं. 'कप्तान लाकलीन म्याकवारीस बहादूर यांणी भोवरगडावर वाघासारखी चाल केली. ऐसा शिपाई आम्हीं देखिला नाहीं.' मी इंग्रजीत सांगितलं तेव्हा बॅलनाकरांचं नाक आणखी लाल झालं. चाळीस माणसांनिशी कप्तानाने गड घेतला, हे त्यांच्या इतिहासाचं पहिलं प्रकरण. आता शत्रूची साक्षही मिळाली.

मला हसू आलं, कारण याचं जोडपत्र आमच्या देवघरात होतं. चांदीच्या नळीत, इंग्रजीतलं, याच कप्तानाच्या सहीचं. 'विसाजीपंतांसारखा शर्थीने लढणारा किल्लेदार मी पाहिला नाही.' दसऱ्याला आम्ही तलवारीबरोबर त्या नळीचीही पूजा करतो. विसाजीपंतांच्या नावावर आमच्याकडे तीन पिढ्या मुली खपल्या आणि दोन पिढ्या मुलगे माजले. दिगूकाका त्या वेळी किल्लेदारांचा कुलवृत्तांत लिहीत होते. मी बॅलनाकरला जातेय म्हटल्यावर त्यांनी फोनवर मला दोनदा बजावलं होतं की मिळेल ते सगळं उतरवून आण.

कागदांची पेटी मला स्वयंपाकघरामागच्या खोलीत उघडून दिली, कारण तेवढीच एक खोली उबदार होती. तिथे इशबेलबाईंचं राज्य. त्या घर सांभाळायच्या. वय साठीच्या आसपास, हात सतत कामात, बोलणं कमी. पहिल्या दिवशी त्यांनी मला न विचारता चार वेळा चहा दिला. दुसऱ्या दिवशी पाचव्या चहाला त्या समोर बसल्या.

"त्या पेटीत डूगलचं काही असेल का?" त्यांनी विचारलं.

डूगल म्हणजे कप्तानाबरोबर गेलेला पायपर, लढाईत बॅगपाइप वाजवणारा. तो इशबेलबाईंच्या घराण्यातला, त्यांच्या खापरपणजोबांचा भाऊ. त्याची गोष्ट पुस्तकात एका वाक्यात होती. 'त्या गौरवशाली दिवसाला एकच डाग लागला: पायपर डूगल हुकमाविना रांग सोडून पळाला आणि मारला गेला.' ही बातमी आली त्याच वर्षी, अशा भेकडाचे भाऊबंद खोऱ्यात नकोत म्हणून, त्यांची अकरा घरं उठवून त्यांना समुद्रकाठच्या खडकाळ पट्टीवर हाकललं. रिकाम्या खोऱ्यात मेंढ्या आणल्या. मेंढ्या शूर असाव्यात, कारण त्या अजून तिथेच आहेत.

एवढ्यावर संपलं असतं तर जुनी गोष्ट म्हणून सोडून देता आलं असतं. पण बॅलनाकरला एक रिवाज होता. दर ऑगस्टमध्ये एका शनिवारी, दुपारी, मोठ्या दालनात सगळी कुळं जमायची आणि जमीनदार कप्तानाची हकीकत वाचून दाखवायचा. डूगलचं वाक्य आलं की त्याच्या घराण्यातल्या वडीलधाऱ्याने टोपी काढून उभं राहायचं. वाक्य संपलं की बसायचं. कोणी शिवी द्यायचं नाही, कोणी हसायचं नाही. नंतर त्यालाही सगळ्यांसारखाच केक मिळायचा.

"माझे वडील एकोणसत्तर वर्षं उभे राहतायत," इशबेलबाई म्हणाल्या. "एक्याण्णवचे आहेत. गुडघे गेलेत. ते गेले की मग मी. मला भाऊ नाही."

"उभ्या राहू नका," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे, कालच आलेल्या पाहुणीकडे पाहावं तसं पाहिलं. ज्या घरात त्या राहत होत्या तेही बॅलनाकरांचंच होतं.

"आता ते पुस्तक छापणार," त्या म्हणाल्या. "छापलं की झालंच. काही सापडलं तर सांगा. वाईट असलं तरी सांगा. तो खरंच पळाला असेल तर मी उभी राहीन. पण माहीत असून उभी राहीन."

मी शब्द दिला. तेव्हा शब्द देणं मला फार सोपं जायचं.

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, मेंढीच्या कातड्यात गुंडाळलेला एक ताव सापडला. खाली विसाजीपंतांचा शिक्का आणि शेजारी कप्तानाची इंग्रजी सही. मी तो एकदा वाचला, मग उठून दार लावलं आणि पुन्हा वाचला.

तो करारनामा होता. गड पडल्यानंतर तिसऱ्या दिवशी लिहिलेला, दोन प्रतींत. लढाईच्या आदल्या दिवशी दोघांत काय ठरलं होतं ते त्यात आधी स्वच्छ नोंदवलं होतं. 'उभयतांनीं आकाशीं बार करावे. दोन प्रहरीं दरवाजा उघडावा. मग एकमेकांस शिपाईगिरीचें पत्र द्यावें.' म्हणजे कप्तानाने ढगांवर गोळ्या झाडल्या, विसाजीपंतांनी ढगांवर तोफ डागली, दुपारी जेवणाच्या सुमारास गड पडला आणि दोघांनी बसून एकमेकांना वाघ म्हणून लिहून दिलं. दोन्ही घराण्यांचा पराक्रम तो हाच.

आणि मग शेवटचं कलम. 'वाजंत्री डुगल व दिंडीवरील येसू रामोशी यांस हा मजकूर कळविणें राहून गेलें. वाजंत्री वाजवीत पुढें धांवला. येसूनें दिंडी सोडिली नाहीं. ते उभयतां खरेच लढले व परस्परांचे हातें ठार जाहले. याचा बोभाटा उभयपक्षीं न करावा.'

त्या दिवशी भोवरगडावर दोनच माणसं लढली होती. ज्यांना कोणी सांगितलं नव्हतं ती. पुढे धावत जाऊन मेलेल्या माणसाचं काहीतरी कारण घरी लिहावं लागतं, म्हणून कप्तानाने त्याला पळपुटा करून टाकलं. आमच्याकडे ती अडचण आली नाही. दिंडीच्या, म्हणजे दरवाजातल्या छोट्या दाराच्या, पहाऱ्यावर मेलेला येसू आम्ही कुठे लिहिलाच नाही.

मला राग आला होता. त्यात थोडा आनंदही होता, तो मी नाकारत नाही. संशोधकाला असा कागद जन्मात एकदा मिळतो. इशबेलबाई अंगणात चादरी वाळत घालत होत्या. दार उघडून त्यांना हाक मारायची, एवढंच करायचं होतं. त्याऐवजी मी कोट चढवला, गावातल्या टपालकचेरीपर्यंत चालत गेले आणि दिगूकाकांना फोन लावला.

मी कलमांमागून कलमं वाचून दाखवली. दिगूकाका मला कधीच इतका वेळ बोलू देत नसत. त्या दिवशी मात्र पलीकडून नुसता श्वास येत होता.

"त्याची दुसरी प्रत आपल्याकडे होती," शेवटी ते म्हणाले.

"होती म्हणजे?"

"माझ्या वडिलांनी बंबात घातली. मी सोळा वर्षांचा होतो. त्याच पाण्याने आंघोळ केली."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? आणि तुम्ही कुलवृत्तांतात 'रक्ताच्या शेवटच्या थेंबापर्यंत' असं लिहिलंत?"

"शरू, कुलवृत्तांत कोणी खरं कळावं म्हणून छापत नाही. तुझ्या धाकट्या बहिणीचं जमत आलंय. मुलाकडच्यांनी चांदीची नळी पाहायला मागितलीय. तू शहाणी आहेस."

आमच्या घरात एखाद्याला शहाणं म्हटलं की त्याने गप्प बसायचं असतं.

तरी परत येताना मी ठरवलं की बॅलनाकरांना सांगायचं. दुपारी ग्रंथालयात मी ताव त्यांच्यासमोर ठेवला आणि शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. मला वाटलं होतं ते चिडतील, किंवा ढासळतील. त्यांनी पाइप भरला, पेटवला, विझू दिला.

"हे वाचणारं इथे आणखी कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"माझे प्राध्यापक."

"ज्यांची कंबर धरलीय ते."

"हो."

त्यांनी तावावरच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. मग माझं ओळखपत्र त्यांच्या टेबलावर पडलं होतं, त्यावर ठेवलं. "या गृहस्थांचं आणि तुमचं आडनाव एकच आहे, नाही का? आल्यापासून मी विचारणार होतो, पण ते असभ्य दिसलं असतं."

ते उठून खिडकीशी गेले. बाहेर पाऊस आणि मेंढ्या. माझ्याकडे पाठ करूनच त्यांनी सगळं अतिशय सभ्यपणे मांडलं. पुस्तक सोमवारी छापखान्यात जातंय. पहिलं प्रकरण काढलं तर घराण्याकडे दुसरं सांगण्यासारखं काही नाही. त्यांच्या वडिलांनी मेंढ्या वाढवल्या, आजोबांनी मेंढ्या वाढवल्या. पण डूगलवर अन्याय झाला हे त्यांना मान्य होतं. ते वाक्य ते काढून टाकतील, पुस्तकातून आणि उद्याच्या वाचनातूनही. इशबेलच्या वडिलांना पुन्हा उभं राहावं लागणार नाही, इशबेलला तर कधीच नाही. पेटी ते माझ्या विद्यापीठाला देऊन टाकतील, हा एक ताव सोडून. आणि माझ्या कामाबद्दल प्राध्यापकांना एक चांगलं पत्र लिहितील.

"माझ्या चौकटीतल्या पत्राचं भाषांतर मात्र तुमच्या सहीनिशी हवं," ते म्हणाले. "त्यात तर काही खोटं नाही. तुमच्या पूर्वजांनी ते खरोखरच लिहिलं होतं."

मी विचार केला, असं म्हणायला मला आवडलं असतं. विचार फारसा केला नाही. इशबेलबाईंना जे हवंय ते मिळतंय, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यांना उभं राहायचं नाही, तर राहावं लागणार नाही. उगाच खरं सांगून त्यांनाही गोत्यात का आणा. राहतं घर जमीनदाराचं. माझ्या बहिणीचं लग्न, काकांचं वय, पेटीतले इतर कागद. कारणांना काही तोटा नव्हता. संध्याकाळच्या चहापर्यंत बॅलनाकरांनी माझी भरपूर स्तुती करणारं पत्र लिहिलं होतं आणि मी त्यांच्या पूर्वजाला वाघ ठरवणारं भाषांतर सही करून दिलं होतं. आम्ही हस्तांदोलन केलं. आपण दोघं नेमकं काय करतोय हे त्या क्षणी दोघांनाही कळलं असावं, कारण दोघांनीही हात लवकर सोडले.

ताव मात्र मी दिला नाही. "आज रात्री एकदा तपासून उद्या देते," असं म्हणाले आणि पर्समध्ये ठेवला. तेवढा ताठा बाकी होता.

शनिवारी दुपारी दालन भरलं. साठएक माणसं, ओल्या लोकरीचा वास, लहान मुलांच्या नाकांतून वाहणारा शेंबूड. इशबेलबाईंनी वडिलांना हाताला धरून आणलं आणि दुसऱ्या रांगेत कडेला बसवलं. यूअन त्यांचं नाव. पिकल्या केसांना पाणी लावून भांग पाडलेला, गळ्याशी टाय, मांडीवर टोपी. मी मागे, इशबेलबाईंनी राखून ठेवलेल्या खुर्चीवर, त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिलं. मी हसून मान हलवली, म्हणजे होईल सगळं ठीक. मला त्यांना चकित करायचं होतं.

बॅलनाकर छान वाचत. चाळीस माणसं डोंगर चढली, गोळ्यांचा वर्षाव झाला, कप्तान सर्वांत पुढे होता. लोकांना पाठ असलेलं ऐकण्यात जे सुख असतं ते सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं. यूअनआजोबांनी वेळेच्या थोडं आधीच टोपी उचलली, काठी रोवली आणि उठायला सुरुवात केली. त्यांना वेळ लागायचा, म्हणून त्यांनी आधीचं वाक्य खुणेसाठी धरून ठेवलं होतं. ते ताठ उभे राहिले, टोपी छातीशी धरली आणि नजर समोर ठेवली.

बॅलनाकरांनी पान उलटलं आणि पुढे गेले. दरवाजा उघडला, निशाण चढलं, शत्रूच्या किल्लेदाराने डोळ्यांत पाणी आणून कप्तानाला मिठी मारली. म्हातारा उभाच. एक पान झालं, दीड पान झालं. लोक वळून पाहू लागले. बॅलनाकर थांबले.

"बसा, यूअन," ते म्हणाले. "ते वाक्य आता काढलंय. तुम्हाला उभं राहायची गरज नाही."

मला वाटलं, आता टाळ्या पडतील. खरंच वाटलं.

"काढलं?" यूअनआजोबा म्हणाले. "म्हणजे डूगल आता पुस्तकात नाही?"

"नाही. तो अपमान आता कायमचा संपला."

म्हाताऱ्याने टोपीकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, पण मागेपर्यंत ऐकू आलं.

"माझ्या बापाने मला इथेच उभं राहायला शिकवलं," ते म्हणाले. "म्हणाला, लाज वाटून घेऊ नकोस, वर्षातून एकदा त्याचं नाव कोणीतरी घेतंय ना, मग उभं राहायचं. पळपुटा म्हणून का होईना, आमचा माणूस तिथे होता. घरं नेलीत. खोरं नेलंत. आता तो तिथे गेलाच नव्हता म्हणता."

बॅलनाकरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दालनात आम्हा दोघांखेरीज कोणाकडेच उत्तर नव्हतं, आणि ते माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होतं. 'वाजंत्री वाजवीत पुढें धांवला.' एवढे चार शब्द जरी मी उठून म्हटले असते.

इशबेलबाई माझ्याकडे वळल्या. चकित तर त्या झालेल्याच होत्या. त्यांनी अगदी हळू विचारलं.

"पेटीत त्याचं काहीच नव्हतं?"

"नाही," मी म्हणाले. "काहीच नव्हतं."

त्यांनी मान हलवली, उठल्या, वडिलांपाशी गेल्या. ते बसायला तयार नव्हते. म्हणून मग त्याही त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि बॅलनाकरांनी उरलेलं प्रकरण, एकदाही वर न पाहता, वाचून संपवलं.